डिझेल नक्की कुठे मुरतंय? आमच्या रूटवरच्या तीन पंपांचा मापासकट रिव्ह्यू

आमच्या धंद्यात गाडीचं ॲव्हरेज पडलं की पहिलं बोट ड्रायव्हरकडे जातं. पाइप टाकून डिझेल काढलं असणार, नाहीतर कमी भरून बिल जास्तीचं आणलं असणार, एवढं बोलून मालक मोकळा होतो. पंपाचं नाव कुणी काढत नाही कारण तिथे मशीन आहे, आकडे पळताना दिसतात, पावती मिळते. माझ्या ओळखीतल्या एका मालकाने वर्षानुवर्षे सोबत असलेला माणूस असाच घरी बसवला, नवीन ड्रायव्हर आणला तर ॲव्हरेज जिथल्या तिथे. शेवटी मेकॅनिकने गाडी वर घेतली तेव्हा कळलं की मागचं एक चाक ब्रेकमध्ये घासत होतं, ड्रम हात लावता येणार नाही इतका तापत होता. तोपर्यंत त्या माणसाची चोर म्हणून सगळ्या स्टँडवर बोंब झाली होती. ही गोष्ट मला फार लागली आणि म्हणूनच हा एवढा मोठा रिव्ह्यू लिहितोय.

माझे तीन पिकअप आहेत, नाशिकहून वाशी मार्केटला भाजीपाला आणि येताना मिळेल तो माल. ड्रायव्हरवर संशय घ्यायच्या आधी पंप तपासायचा असं मी ठरवलं आणि आम्ही जिथे नेहमी भरतो त्या ठिकाणी स्वतः उभं राहून माप घेतलं. पंपांची आणि कंपन्यांची नावं लिहीत नाही, कारण एका मापावरून कुणाच्या धंद्याला डाग लावणं बरोबर नाही, आणि एकाच कंपनीचा एक पंप चोख आणि चार किलोमीटरवरचा दुसरा वेगळा असू शकतो. कंपनीच्या बोर्डावरून काहीच ठरत नाही, सगळं तो पंप चालवणाऱ्या माणसावर असतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी सांगतो, प्रत्येक पेट्रोल पंपावर पाच लिटरचं एक माप ठेवावंच लागतं, त्यावर वैध मापन शास्त्र यंत्रणेचा शिक्का असतो (आपल्याकडे अजूनही सगळे वजनमापेवालेच म्हणतात). कुठलंही गिऱ्हाईक ते माप मागू शकतं आणि आपल्यासमोर मशीनमधून पाच लिटर काढून मोजून दाखवायला सांगू शकतं, त्याचे पैसे लागत नाहीत, ओळख लागत नाही, आणि मोजलेलं डिझेल परत पंपाच्या जमिनीतल्या टाकीत ओततात त्यामुळे पंपवाल्याचंही काही जात नाही. पंपवाल्यांनी स्वतः रोज सकाळी विक्री सुरू करायच्या आधी प्रत्येक नोजलचं असं टेस्टिंग घ्यायचं असतं. म्हणजे आपण मागतोय ते काही जगावेगळं नाही, त्यांच्या रोजच्या कामातलंच आहे. तरी मागणारा माणूस दिसत नाही. मी जितक्या वेळा मागितलं तितक्या वेळा आजूबाजूचे लोक गाडीवरून उतरून बघायला आले की हे काय चाललंय.

पहिला पंप, गावाकडचा

छोटा पंप, दोन मशीन, पुढे शेड. नोजलवर एक ताई होत्या, त्यांना म्हटलं ताई डिझेल भरायच्या आधी पाच लिटरचं माप बघायचंय, तर त्यांनी "का हो?" असंसुद्धा विचारलं नाही, आत आवाज दिला आणि मॅनेजर काका स्वतः माप घेऊन बाहेर आले. ते माप म्हणजे जाड पत्र्याचं भांडं, वर अरुंद मान, मानेला काचेची खिडकी आणि तिच्या शेजारी मिलीच्या खुणा केलेली पट्टी. मान अरुंद का, तर थोडंसंही कमी-जास्त झालं तरी पातळी ठळक वरखाली दिसावी म्हणून. रुंद बादलीत वीस मिलीचा फरक डोळ्याला दिसणारच नाही.

काकांनी आधी त्यात डिझेल घेऊन सगळं भांडं आतून ओलं केलं, ते ओतून टाकलं, आणि उलटं धरून थेंब गळायचे थांबेपर्यंत उभे राहिले. हे महत्त्वाचं आहे. कोरड्या मापात घेतलं तर थोडं डिझेल पत्र्याला चिकटतं आणि आकडा चुकतो, म्हणून ओलं करूनच घ्यायची पद्धत आहे. मग सपाट फरशीवर ठेवलं, मशीनवर पाच लिटर सेट केलं, मला म्हणाले "झिरो बघून घ्या", आणि नोजल सोडलं. डिझेलला फेस येतो, तो बसेपर्यंत त्यांनी मला वाचू दिलं नाही, म्हणाले थांबा जरा, फेसावर वाचलं तर तुम्हाला जास्त दिसेल आणि ते खरं नसेल. स्वतःच्या फायद्याचा आकडा त्यांनी स्वतः नाकारला, तिथेच माझं अर्धं काम झालं. फेस बसल्यावर मी खाली बसून डोळा पातळीच्या सरळ रेषेत आणून बघितलं तर बरोबर खुणेवर, असलंच तर केसभर वर.

मग काकांनीच विचारलं डेन्सिटी बघणार का. उंच काचेच्या नळीत डिझेल घेतलं, त्यात हायड्रोमीटर (डेन्सिटी, म्हणजे घनता मोजायची तरंगती काचनळी) आणि थर्मामीटर सोडला, दोन्ही आकडे घेऊन तक्त्यावरून १५ अंशाला किती येते ते काढलं आणि त्या दिवशी टँकरसोबत आलेल्या चलनावरच्या आकड्याशी जुळवून दाखवलं. घनमीटरला तीन किलोपेक्षा जास्त फरक आला तर गडबड समजायची. माप आणि डेन्सिटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत बरं का. माप पूर्ण मिळूनही माल भेसळीचा असू शकतो आणि माल एक नंबर असून मापात पाप असू शकतं. पेट्रोलसाठी फिल्टर पेपरची टेस्टही पंपावर मागता येते, थेंब टाकायचा, दोनेक मिनिटांत उडून गेला आणि डाग राहिला नाही तर ठीक, पण ती टेस्ट डिझेलला लागू नाही, डिझेलचा डाग राहणारच.

या पंपाला माझ्याकडून पाचपैकी पाच. हवा मोफत, टॉयलेट स्वच्छ आणि कुलूप नसलेलं, वजनमापेचं सर्टिफिकेट काचेमागे वाचता येईल असं लावलेलं. रात्री दहाला बंद होतो ही एकच अडचण, आमच्या गाड्या रात्रीच निघतात.

२५ मिलीचा हिशोब

इथे थोडा थांबतो कारण या आकड्यावरून लोकांचा फार गोंधळ आहे. पाच लिटरमागे २५ मिलीपर्यंत कमी किंवा जास्त आलं तर ते चालतं, म्हणजे अर्धा टक्का. मशीन आहे, पार्ट झिजतात, तेवढी सूट देणं बरोबरच आहे. चाळीस लिटरच्या टाकीमागे ती जास्तीत जास्त २०० मिली होते, लिटर ९० रुपये धरला तर १८ रुपये. आपल्या एका टाकीला हे काहीच वाटत नाही.

पण पंपाच्या बाजूने बघा. समजा एखाद्याने मशीन मुद्दाम असं सेट करून घेतलं की पाच लिटरमागे कायम २० मिली कमीच पडेल. तपासणीत पास, कारण २५ च्या आत. दिवसाला पाच हजार लिटर विकणाऱ्या पंपावर ते रोजचे २० लिटर झाले, १८०० रुपये, महिन्याला ५४ हजार. आणि कुणाचंच काही वाकडं होणार नाही. म्हणून मी नुसतं "लिमिटमध्ये आहे" एवढ्यावर समाधान मानत नाही. झीज म्हणून फरक पडत असेल तर एका पंपावरचे वेगवेगळे नोजल थोडे इकडे थोडे तिकडे असायला हवेत, कुणी पाच मिली जास्त, कुणी दहा कमी. सगळेच नोजल कमीच्याच बाजूला आणि जवळजवळ सारखेच कमी दिसले तर मला ते झीज वाटत नाही. सूट चुकीसाठी दिलेली आहे, कमाईसाठी नाही, आणि यावर वजनमापे खात्याने आणि कंपन्यांनी सरळ बोट ठेवायला पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे.

याच हिशोबाची दुसरी बाजू मालकांसाठी. तुमची गाडी १२ देत होती आणि आता १० देते, तर हा सगळा फरक पंपाचाच असायला पाच लिटरमागे ८०० मिलीच्या वर डिझेल कमी पडायला पाहिजे. तेवढं कमी मापात आंधळ्यालाही दिसेल. पाच लिटरमागे १५० मिली मारली, जी भरपूर मोठी चोरी आहे, तरी १२ चं ११.६ होतं. म्हणजे दोन-दोनचा फरक पडला असेल तर आधी टायरची हवा, एअर फिल्टर, ब्रेक, क्लच, इंजेक्टर, लोड आणि घाटात किती वेळ अडकला ते बघा. कसाऱ्याला तासभर ट्रॅफिकमध्ये रांगलेली गाडी आणि मोकळ्या रस्त्याने आलेली गाडी यांचं ॲव्हरेज एक येणारच नाही. ड्रायव्हरला बोलायच्या आधी एवढं तरी करा.

दुसरा पंप, शहरातला, कायम गर्दीचा

इथे माप मागितल्यावर नोजलवरच्या पोराने तोंड वाकडं केलं पण सुपरवायझरने माप दिलं. पद्धत बरोबर, ओलं करून, सपाटीवर, आणि आकडा आला दहा मिली कमी, म्हणजे लिमिटच्या आत. दुसरं नोजलही घ्यायला लावलं, ते पाच मिली जास्त. मशीन चोख आहे.

आणि तरीही या पंपाला मी पाचपैकी दोनच देतो, कारण मशीन चोख असून माणूस चोख नाही. मी बाजूला उभा असतानाच एक वयस्कर काका स्कूटर घेऊन आले, म्हणाले तीनशेचं टाक. पोराने झिरो दाखवला, भरायला सुरुवात केली आणि शंभरवर थांबला. काका म्हणाले अरे तीनशे म्हटलं. "हो का, मला शंभर ऐकू आलं, थांबा अजून दोनशे टाकतो" म्हणून त्याने नोजल परत दाबलं, पण झिरो केलंच नाही, आकडा शंभरवरूनच पुढे पळाला आणि दोनशेवर थांबवला. काकांना स्क्रीनवर दोनशे दिसले, त्यांच्या मनात आधीचे शंभर, झाले तीनशे. टाकीत गेलं दोनशेचं. मध्येच दुसरा पोरगा "काका ऑनलाइन की कॅश" विचारून त्यांना मागे वळवत होता. मी तिथेच बोललो, काकांना शंभर रुपये परत मिळाले, पोरगा म्हणाला चुकून झालं. मी सुपरवायझरला म्हटलं की पावती काढा, पावतीवर दोनशेच दिसतील. तो काही बोलला नाही.

पाच लिटरचं माप ही चोरी पकडूच शकत नाही. तिथे फक्त आपले डोळे. गाडीतून खाली उतरा, हे नंबर एक. बसल्या बसल्या खिडकीतून हात बाहेर काढून पैसे देणारा माणूस सगळ्यात सोपं गिऱ्हाईक असतो. रक्कम मशीनवर सेट करायला लावा, हाताने थांबवू देऊ नका. मध्ये थांबलंच तर तेवढ्याचे पैसे वेगळे, पावती वेगळी, आणि पुढचं परत झिरोवरून. पावती घ्याच, तिच्यावर वेळ, नोजल नंबर, लिटर, दर सगळं असतं. आणि कुणी काच पुसायला, ऑइल बघायला, स्कीमचं कूपन द्यायला आला तर त्याला "भरून होऊ दे" म्हणून सांगा. आमच्या ड्रायव्हर मामांना हे सांगायची गरज पडत नाही, ते नोजलच्या शेजारीच उभे असतात, पण घरच्या स्कूटरवर जाणाऱ्या पोरापोरींना नक्की सांगा.

तिसरा पंप, हायवेवरचा

रात्री आमच्या गाड्या इथेच भरतात म्हणून हा माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा होता. माप मागितलं तर म्हणे कपाटात आहे, चावी साहेबांकडे, साहेब घरी. म्हटलं साहेबांना फोन लावा. मग म्हणे रात्री टेस्टिंग देत नाही. असा कुठलाही नियम नाही, पंप सुरू आहे तर माप मिळालंच पाहिजे. तक्रार वही मागितली तेव्हा मात्र चावी दहा मिनिटांत सापडली.

आणि जे माप बाहेर आलं ते बघून मी ते वापरायलाच नकार दिला. कडेला मोठा पोचा, आत दबलेला. आता विचार करा, भांडं आत दबलं म्हणजे त्याची जागा कमी झाली, म्हणजे पाच लिटरपेक्षा कमी डिझेलमध्येच ते खुणेपर्यंत भरणार, म्हणजे कमी दिलं तरी पूर्ण दिसणार. शिक्क्याची जागा इतकी घासलेली की अक्षर लागत नव्हतं. शिक्का वाचता येत नसेल तर ते माप म्हणजे नुसता डबा. नोजलवरच्या मुलाला हे काही माहीत नव्हतं, तो बिचारा पगारावर काम करणारा, त्याच्यावर मी आवाज चढवला नाही. माझा राग मालकावर आहे, ज्याने लाखोंची उलाढाल असलेल्या पंपावर एक नीट माप ठेवलं नाही.

तक्रार वहीत लिहिलं: तारीख, वेळ, नोजल नंबर, मापाला पोचा, शिक्का अस्पष्ट, माप द्यायला टाळाटाळ. वहीची प्रत फोनमध्ये काढून घेतली. पंपावर बोर्डावर कंपनीच्या अधिकाऱ्याचा नंबर लिहिलेला असतो तिथेही कळवलं. काही दिवसांनी मला फोन आला की माप बदललंय, येऊन बघा. अजून परत जाऊन नवीन मापाने घेतलेलं नाही, त्यामुळे या पंपाच्या मशीनबद्दल मी बरं-वाईट काहीच म्हणत नाही. वागणुकीला मात्र पाचपैकी एक.

माप बरोबर आलं म्हणजे सगळं संपलं का?

नाही, आणि हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. मशीनच्या पोटात डिझेल एका मीटरमधून जातं, त्यात पिस्टन मागेपुढे होतात, त्यांच्यामुळे फिरणाऱ्या दांड्याला पल्सर नावाचा भाग जोडलेला असतो आणि तो दर फेऱ्याला विजेचे ठोके वरच्या बोर्डाला पाठवतो. बोर्ड ते ठोके मोजून लिटर आणि रुपये दाखवतो. २०१७ ला जे प्रकरण बाहेर आलं त्यात नेमकं इथेच हात घातलेला होता. एप्रिलमध्ये लखनौला पोलिसांनी पंपांवर छापे टाकले तेव्हा मशीनमध्ये बसवलेल्या चिप सापडल्या, त्या रिमोटने चालू-बंद होत होत्या. धागेदोरे पुढे महाराष्ट्रापर्यंत आले आणि त्याच वर्षी जूनपासून ठाणे पोलिसांच्या गुन्हे शाखेने वजनमापे खात्याला सोबत घेऊन राज्यात ठिकठिकाणी पंप तपासले, मशीन सील केली, त्या चिप बनवणाऱ्या-बसवणाऱ्यांना पकडलं. लोकांना तेव्हा कळलं की स्क्रीनवरचा आकडा आणि टाकीत पडणारं इंधन यांच्यामध्ये कुणीतरी बसू शकतं.

रिमोटची चिप असेल तर आपण माप मागितल्याबरोबर ती बंद करता येते आणि माप चोख येतं. तिथे आपल्या हातात फार काही नाही, ते काम खात्याचं आणि पोलिसांचं, मशीन उघडून सील तपासायचं. म्हणूनच मीटरला, पल्सरला सील असतात आणि दरवर्षी तपासणी करून शिक्का मारावा लागतो. आपण एवढं बघू शकतो की सर्टिफिकेटची मुदत चालू आहे का. आणि एक करू शकतो, टाकी फुल ते टाकी फुल असा हिशोब ठेवायचा, तीच गाडी, तोच ड्रायव्हर, तोच रूट, आणि पंप बदलून बघायचा. एका टाकीवरून निकाल लावू नका, कारण प्रत्येक नोजल थोडं वेगळ्या ठिकाणी कट होतं, बऱ्याच टाक्यांचा हिशोब लावला की मग एखादा पंप सतत मागे पडत असेल तर वहीत दिसतोच.

लोक ज्या टेस्ट करतात त्याबद्दल

शंभर ऐवजी एकशेदहाचं टाका, पाचशे ऐवजी पाचशेवीसचं टाका, म्हणे गोल आकड्यावर सेटिंग असतं. मशीन खराब असेल किंवा चिप असेल तर ती एकशेदहावरही तेवढंच खाणार. फायदा असलाच तर एवढाच की वेगळा आकडा सांगितला की नोजलवरचा माणूस आणि आपण दोघंही स्क्रीनकडे नीट बघतो.

पहाटे भरा, थंड असतं, जास्त मिळतं. इंधन तापलं की फुगतं हे खरं, पेट्रोल अंशामागे साधारण एक दशांश टक्का, पण पंपाची टाकी जमिनीत खोल असते आणि दिवसभरात तिथलं तापमान फारसं हलत नाही. झोप मोडून पहाटे जायची गरज नाही.

बाटलीत एक लिटर घेऊन बघणे. एकतर प्लास्टिकच्या बाटलीत पेट्रोल देणं-घेणं नियमात बसत नाही आणि धोक्याचंही आहे, दुसरं म्हणजे एक लिटरची बाटली गळ्यापर्यंत भरली तर त्यात एक लिटरपेक्षा जास्त मावतं, त्यामुळे मग "कमी दिलं" असंच दिसणार. शिक्क्याचं माप पंपावर फुकट असताना बाटली कशाला?

पुस्तकात टाकी ३५ लिटरची लिहिलीय आणि पंपाने ३८ चं बिल केलं, यावर तर दर महिन्याला कुणीतरी व्हिडिओ टाकतं. कंपनी सांगते तो आकडा टाकीत वाफेला जागा सोडून सांगितलेला असतो, नळीपर्यंत ठासून भरलं तर त्यापेक्षा जास्त बसतं, दहा-पंधरा टक्के जास्त सुद्धा. याच एका गोष्टीवरून पंपवाल्याच्या अंगावर धावून जाऊ नका, माप मागा.

आणि पेट्रोलच्या गाड्यांचं ॲव्हरेज. हल्ली पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा साधारण एक तृतीयांश कमी, त्यामुळे तेवढंच लिटर घालून गाडी थोडी कमी पळते, जुन्या गाडीत ते जास्त जाणवतं. हे माप मारल्यामुळे नाही. घरच्या स्कूटरचं ॲव्हरेज कमी झालं म्हणून पंपवाला चोर म्हणणं हेसुद्धा ड्रायव्हरला चोर म्हणण्यासारखंच झालं.

तक्रार कुठे करायची

पाच लिटरमागे २५ मिलीपेक्षा जास्त कमी आलं, तर भांडत बसू नका. मापातली पातळी दिसेल असा आणि मशीनचा नोजल नंबर दिसेल असा फोटो घ्या (मशीनपासून लांब उभं राहून, पंपावर फोनचे नियम आहेत ते पाळा), पावती घ्या, तक्रार वहीत लिहा, ते नोजल बंद करायला सांगा. कंपनीचा टोल फ्री नंबर पंपावर लिहिलेला असतो. जिल्ह्याच्या वैध मापन शास्त्र कार्यालयात लेखी द्या, निरीक्षक येऊन मशीन सील करू शकतात. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. आणि तक्रार करताना नोजल नंबर आणि वेळ लिहायला विसरू नका, नुसतं "या पंपावर कमी देतात" लिहिलं तर कुणी काही करू शकत नाही.

आता तिन्ही गाड्या शक्यतो संध्याकाळी निघायच्या आधीच गावाकडच्या पंपावर भरून घेतो. रात्री हायवेवर भरायची वेळ आलीच तर ड्रायव्हरांना सांगून ठेवलंय की पाच लिटरचं माप मागा, शिक्का बघा, कुणी चावी नाही म्हटलं तर मला फोन लावा, आणि माप घेताना जो वेळ जाईल, मार्केटला पोचायला उशीर होईल, तो माझ्या खात्यात, तुमच्या नाही.